हिवरमाळचा कारखाना हिवरमाळलाच

मी, हुस्नबानू गुलजार तांबोळी, वय वर्षे ७२, धंदा मोटर रिवाइंडिंग, राहणार कोथरूड, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाचाही दाब नसताना लिहून ठेवते. छातीवरची टाक्यांची लांब रेघ सोडली तर माझी प्रकृती ठणठणीत आहे. डोके ताळ्यावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत पोहोचले आणि विचारले, "पुढे उणेमध्ये जाऊ का?" ते म्हणाले, "नको, पुरे."

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. घरात आम्ही दखनी बोलतो, पण हे मराठीत लिहिते आहे. माझी शाळा मराठी होती, गिऱ्हाईक मराठी होते, आणि हे ज्यांना वाचून दाखवायचे आहे ती हिवरमाळची माणसेही मराठीच आहेत. मसुदा वकील सलोनी पटवर्धन यांनी तपासला. त्यांनी बराच मजकूर 'अनावश्यक' म्हणून खोडला होता. तो मी परत घातला आहे. त्यांच्या फीमध्ये त्यामुळे फरक पडलेला नाही.

कलम १. वारस. माझे पती गुलजार १९९२ साली वारले. मला दोन अपत्ये आहेत: मुलगा शहाबाज आणि मुलगी सुमय्या. दोघेही विवाहित असून पुण्यातच राहतात. सुमय्याची मुलगी उम्मेहानी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. याखेरीज कोणी स्वतःला माझा वारस म्हणवत आला, तर त्याला आधी एक जळलेली मोटर नव्या तारेने भरून दाखवायला सांगावे.

कलम २. मिळकत. माझ्या नावावर पुढील मिळकत आहे: कोथरूडचा राहता फ्लॅट, वाघोली येथील प्लॉट आणि त्यावरचे सहा गाळे, हिवरमाळ येथील वीस गुंठे बिगरशेती जागा, त्यावरची शेड, यंत्रसामग्री आणि 'गुलजार इलेक्ट्रिकल वर्कशॉप' हा धंदा, बँकेतील ठेवी, आणि माझी हत्यारे. स्वारगेटचे दुकान यात धरलेले नाही. ते मी २०१९ सालीच सुमय्याला हिबा, म्हणजे बक्षीस, करून ताब्यात दिले आहे. आज तिथे गल्ल्यावर ती बसते आणि माझ्यापेक्षा कडक बोलते.

कलम ३. कुलूप. स्वारगेटच्या दुकानात माझ्या खणात एक जुने पितळी कुलूप आहे. ते माझे दीर जैनुद्दीनभाई यांना द्यावे. किल्ली त्यांच्याकडेच आहे.

वकीलबाईंना हे कलम समजले नाही, म्हणून खुलासा करते. लग्नानंतर अठरा वर्षे गुलजार दुकानात बसायचे आणि मी घरी. पण दुकानातल्या निम्म्या मोटरींच्या कॉइली माझ्या स्वयंपाकघरात गुंडाळल्या जायच्या. एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला हाताने फिरवायचे वाइंडिंगचे यंत्र. किती वेढे, किती जाडीची तार, हे गुलजार कागदावर लिहून ठेवायचे. पुढे पुढे तेच मला विचारू लागले. ही गोष्ट आमच्या दोघांपलीकडे कोणाला ठाऊक नव्हती.

गुलजार कावीळ होऊन तीन आठवड्यांत गेले. चाळिसावा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी दुकानावर गेले, तर शटरला हे कुलूप. जैनुद्दीनभाई शेजारच्या पायरीवर बसले होते.

"भाभी, बाईमाणसाने बाजारात बसायचे नसते. दुकान मी बघतो, तुम्हाला महिन्याला खर्चाला देईन," ते म्हणाले.

तेवढ्यात एसटी स्टँडकडून एक माणूस खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली मोटर घेऊन आला. कोंडीराम, हिवरमाळचे. हिवरमाळ म्हणजे पुण्यापासून एसटीने चार तासांवरचे पठार, त्यावर सात गावे. विहिरीची मोटर जळली की ते आमच्याकडेच आणायचे.

"दुकान बंद आहे," जैनुद्दीनभाई म्हणाले.

"मग माझा कांदा वाळंल की. मोटर कोन भरनार?"

"मी भरते," मी म्हटले.

कोंडीरामनी माझ्याकडे पाहिले, मग कुलपाकडे पाहिले आणि मोटर माझ्यासमोर फुटपाथवर उतरवली. समोरच्या सायकलवाल्याकडून पाने मागून आणले, घरून यंत्र आणि तार आणली, आणि दोन दिवस त्या फुटपाथवर बसून मी ती मोटर भरली. येणारेजाणारे थांबत होते. जैनुद्दीनभाई म्हणाले, "भाभी, खानदानाची इज्जत जातेय." मी म्हटले, "तोपर्यंत हे तारेचे टोक धरा जरा." त्यांनी धरले नाही. तिसऱ्या दिवशी मोटर चालू करून दाखवली, आणि त्याच संध्याकाळी व्यापारी मंडळाच्या चार माणसांनी मध्ये पडून शटर उघडायला लावले. कुलूप कापावे लागले नाही. ते नुसतेच अडकवलेले होते, दाबलेले नव्हते. एवढे धाडसही त्यांना झाले नव्हते.

जैनुद्दीनभाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. ईदला मी त्यांच्याकडे शीरखुर्मा पाठवते आणि पाठवत राहावे, असे सुमय्याला सांगते. पण कुलूप द्यायचेच.

कलम ४. हत्यारे. वर सांगितलेले हाताचे यंत्र द्वारका शेलार, राहणार हिवरमाळ, हिला द्यावे. तारेची जाडी मोजायचा मायक्रोमीटर उम्मेहानीला द्यावा. ती म्हणेल की आता डिजिटल मिळतात. मिळतात, पण त्यांचा सेल उतरतो. बाकीच्या पक्कडी, पाने आणि कॉइल बसवायच्या बांबूच्या पट्ट्या सुमय्याने दुकानात ठेवाव्यात. माझ्या पक्कडीला कोणी हात लावला की मी ओरडते, हे सर्वांना माहीत आहे. आता खुशाल लावा.

द्वारका कोण, हे सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल, आणि मग कारखान्याचे कलम आपोआपच येईल.

२००४ साली हिवरमाळच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. वारा तिथे पहिल्यापासून होता, फक्त त्याला गिऱ्हाईक नव्हते. दोन वर्षे पठारावर नुसती धांदल होती. क्रेन आल्या, रस्ते झाले, लॉज निघाले, प्रत्येक वळणावर चहाची टपरी आणि दर शनिवारी कोणाकडे तरी नवी मोटारसायकल. मग शेवटचा पंखा उभा राहिला, क्रेन परत गेल्या आणि मागोमाग सगळेच गेले. लॉजमध्ये कडबा भरला. टपऱ्यांचे पत्रे लोकांनी गोठ्यांना लावले. गावांना उरली ती जमिनीच्या भाड्याची वार्षिक रक्कम, तीही ज्यांच्या जमिनीत पंखा होता त्यांना, आणि राखणदारांच्या थोड्या नोकऱ्या. त्यातली एक कोंडीरामना लागली.

२००६ च्या गणपतीनंतर ते दुकानात आले. या वेळी खांद्यावर मोटर नव्हती.

"भाभी, पंखा हाय, वारा हाय, पन पंख्याचं तोंड वाऱ्याकडं वळंना. वळवायची मोटर जळली. आता ती दुसऱ्या राज्यात भरायला पाठवनार. दीड महिना त्यो असाच उभा ऱ्हानार."

"किती जळतात अशा?"

"पावसाळ्यात इचारूच नका."

"आणि तुम्ही काय करता?"

"राखन करतो. चालूची बी आन् बंदची बी."

मी कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात गेले. कंपनीचे नाव लिहीत नाही. ती पुढे विकली गेली आणि नव्या मालकांशी माझे बरे चालले आहे. तिथले व्यवस्थापक माझ्याशी बोलत असताना संगणकावरून नजर हलवत नव्हते.

"बाई, ही पवनचक्कीची मोटर आहे. विहिरीची नाही."

"तार दोन्हीत तांब्याचीच असते, साहेब."

आठवड्याने पत्र आले: आपण अधिकृत दुरुस्तीदार नसल्याने आपला विचार करता येत नाही. मी ते पत्र घेऊन परत गेले आणि म्हटले, विचार करू नका, भंगारातली एक मोटर द्या. पैसे नकोत. पावसाळ्यात टिकली नाही तर परत तोंड दाखवणार नाही. मला घालवण्यासाठीच बहुधा त्यांनी ती दिली.

उघडून पाहिली आणि पाच मिनिटांत दुखणे कळले. पठारावर चार महिने धुके असते. मोटर थांबलेली असताना ती ओल आत मुरते, आणि मग एकदम वीज आली की कॉइल जळते. विहिरीच्या मोटरींना हेच होते. चौदा वर्षे मी तेच निस्तरत होते. मी तार बदलली, वार्निशचा एक हात दिला, भट्टीत भाजली, पुन्हा वार्निश, पुन्हा भट्टी. ज्या कारखान्यात ती बनली होती, तिथे धुके नसावे. ती मोटर उरलेल्या पावसाळ्यात चालली. पुढच्याही चालली. २००८ च्या जूनमध्ये साहेब स्वतः स्वारगेटला आले, दुकानात खुर्ची एकच होती म्हणून उभे राहिले, आणि म्हणाले, "पठारावरच्या सगळ्या मोटरी तुम्ही भराल का?"

मी म्हटले, "खुर्ची घ्या." आणि उठून त्यांना माझी दिली. आयुष्यात कोणाला खुर्ची देताना इतका आनंद झालेला नाही.

कलम ५. वाघोलीचा प्लॉट आणि गाळे, कोथरूडचा फ्लॅट, ठेवी. एवढे काम स्वारगेटच्या दुकानात मावणार नव्हते. मोठी शेड हवी होती. शहाबाजने तेव्हा वाघोलीला हा प्लॉट शोधून काढला. पैसे दुकानाचे, पळापळ त्याची, कागद माझ्या नावावर. शेडचा आराखडासुद्धा त्याने करून आणला. नगर रस्ता, कॉलेजे येत होती, कामगार पाहिजे तेवढे. सगळे बरोबर होते.

त्याच सुमारास आमच्या कोथरूडच्या सोसायटीत द्वारका धुणीभांडी करायला येऊ लागली. तेव्हा ती बावीस वर्षांची. एकदा लिफ्ट बंद होती आणि आम्ही दोघी जिन्यावर दम खात बसलो. मी गाव विचारले.

"हिवरमाळ."

"पवनचक्क्यांचे?"

"हां. आमच्या बांधालाच हाय एक. सकाळी घरावर तिची सावली पडती."

"मग तू इथे भांडी का घासतेस?"

"सावलीनं पोट भरत न्हाई, भाभी."

ती कोंडीरामची पुतणी निघाली. तिच्या गावातल्या अकरा बायका कोथरूडमध्येच कामाला होत्या. मी त्या दिवशी जेवले नाही. वारा त्यांचा, डोंगर त्यांचा, धुके त्यांचे, आणि मोटर भरायचे काम मी त्यांच्या डोक्यावरून वाघोलीला नेणार होते. मग साहेबांत आणि माझ्यात फरक काय?

शहाबाजला सांगितले, कारखाना हिवरमाळला होईल. तो आधी हसला. मग म्हणाला, "अम्मी, त्या माळावर कोण येणार? तिथे नटबोल्ट मिळत नाही. ज्यांनी कधी स्क्रूड्रायव्हर धरला नाही त्यांना तू कॉइल शिकवणार?"

"मला कोणी शिकवले होते?" मी म्हटले.

"तुला अब्बांनी शिकवले."

"मग यांना मी शिकवते."

त्याने आराखडा माझ्यासमोर फाडला आणि दोन वर्षे माझ्याशी बोलला नाही. ईदला यायचा, सलाम करायचा, बहिणीशी बोलून जायचा.

तर आता या कलमाचा हुकूम. आमच्या शरियतीप्रमाणे मृत्युपत्राने मला मिळकतीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त बाहेर देता येत नाही. उरलेले वारसांचे. त्याप्रमाणे वाघोली, कोथरूड आणि ठेवी शहाबाज आणि सुमय्या यांनी आपापल्या हिश्शाने घ्याव्यात. शहाबाजचा हिस्सा मोठा येतो, सुमय्याला दुकान आधीच मिळाले आहे, दोघेही समाधानी आहेत आणि तसे त्यांनी माझ्यासमोर सांगितले आहे.

आणि शहाबाज, तुला एक गोष्ट लेखी सांगायची आहे, कारण तोंडी सांगताना तू विषय बदलतोस. मी तुझ्या प्लॉटवर शेड बांधली नाही, तरी तू तो विकू दिला नाहीस. गाळे बांधलेस, भाडेकरू सांभाळलेस. परवा वकीलबाईंनी सगळ्या मिळकतीचे मूल्यांकन करून आणले, तेव्हा कळले की वाघोली एवढी वाढली आहे की हिवरमाळचा अख्खा कारखाना आज माझ्या एक तृतीयांशात आरामात बसतो. वाघोली नसती तर मला तो मोडूनच द्यावा लागला असता. मी तुझे ऐकले नाही ते बरोबर केले. तू माझे ऐकले नाहीस तेही बरोबर केलेस. माफी म्हणतात ती हीच समज.

कलम ६. हिवरमाळचा कारखाना. हिवरमाळ येथील जागा, शेड, भट्ट्या, चाचणीचा मंच, यंत्रे, चालू कामे आणि 'गुलजार' हे नाव, हे सर्व मी तिथल्या कामगारांच्या सहकारी संस्थेला देते. नोंदणीची कागदपत्रे सोबत जोडली आहेत. आज कारखान्यात त्रेसष्ट माणसे आहेत. त्यांपैकी अठ्ठावन्न सात गावांतली, आणि त्यांत सव्वीस बायका.

हे सहज झाले नाही. पहिल्या वर्षी बारा जण शिकायला आले, त्यांतले सात पळाले. एकाने उलट्या वेढ्यांची कॉइल भरली आणि चाचणीला धूर काढला. द्वारका पहिल्या दिवशी तारेला घाबरत होती. सहाव्या महिन्यात ती माझ्या चुका काढू लागली. मग मी तिला फोरमन केले. काही पुरुष म्हणाले, "बाईच्या हाताखाली?" मी म्हटले, "तुम्ही माझ्याही हाताखालीच आहात, विसरलात का?" कारखान्यामागून हळूहळू बाकीचे आले. वार्निश पुरवणारा, टेम्पोवाले, वेल्डिंगचे दुकान, एक नर्स आणि तिचा दवाखाना. लॉजमधला कडबा निघाला, पुन्हा खाटा लागल्या. कोथरूडहून अकराच्या अकरा बायका परत गेल्या. आमच्या सोसायटीच्या सभेत त्याबद्दल माझ्यावर ठपका ठेवण्यात आला आणि तो इतिवृत्तात आहे. त्याची प्रत मी अभिमानाने जपली आहे.

मग २०२४ साल आले. जमिनींचे वीस वर्षांचे भाडेकरार संपत होते. नव्या मालकांना जुने पंखे काढून दुप्पट उंचीचे बसवायचे होते. उत्तम. पण नव्या करारात देखभालीचे सगळे काम देशभर ठेका घेणाऱ्या एका बाहेरच्या कंत्राटदाराला जाणार होते. म्हणजे वारा राहणार, पंखे राहणार, आणि आम्ही बंद.

मी तेव्हा रुग्णालयात होते. छाती उघडायची होती. शहाबाज उशाशी बसला होता आणि वेळ घालवायला त्याने कराराचा मसुदा वाचायला घेतला. जमिनीचे कागद हे त्याचे क्षेत्र. चष्मा वर करून म्हणाला, "अम्मी, यात एक जागा आहे. पंखे उंच करायचे तर यांना सातही गावांच्या ग्रामसभांचा ठराव लागणार. ठरावात अट घातली की दुरुस्ती पठारावरच होईल, तर ती करारात घ्यावीच लागेल. पण सातही हवेत. एक जरी गाव फुटले तर हे तिथूनच रस्ता काढतील."

"मग आता?"

"मग मी जातो," तो म्हणाला. "तू पडून राहा."

तो माझा मुलगा, ज्याने आराखडा फाडला होता, महिनाभर त्या पठारावर राहिला. लॉजमध्ये. प्रत्येक गावात बसून त्याने अटीचा मजकूर लोकांना समजावला. कंपनीचे मध्यस्थही फिरत होते. ते म्हणत, भाडे अडीचपट देतो, सह्या करा, ते कारखान्याचे लचांड मध्ये कशाला? सहा गावांनी ठराव केला. सातवे द्वारकाचे आणि कोंडीरामचे, ज्याचे नाव पठाराला पडले ते हिवरमाळच. तिथेच जमीनमालक सर्वांत जास्त, आणि तिथेच लोक डळमळले.

त्या सभेत काय झाले ते मला शहाबाजने सांगितले. मध्यस्थ आकडे सांगून बसला. मग द्वारका उभी राहिली.

"अडीचपट भाडं चांगलं हाय. घ्या. म्या बी घेनार," ती म्हणाली. "पन भाडं मिळतं ज्याच्याकडं जमीन हाय त्याला. ज्याच्याकडं न्हाई त्यानं काय करायचं? परत पुन्याला भांडी? माझी सात गुंठं. माझ्या पोरीची फी सात गुंठ्यानं न्हाई भरली, ह्या हातानं भरली." आणि तिने दोन्ही तळवे वर केले. वार्निशचे डाग आमच्या कोणाच्याच हातावरून जात नाहीत. "भाडं वाढवायला ते तयार हायेत, कारन वारा हितंच हाय. तो काय गाडीत घालून न्हेनार न्हाईत. मग भ्यायचं कशाला?"

आधी मागच्या रांगेतल्या, जमीन नसलेल्यांचे हात वर झाले. मग बायकांचे. मग कोंडीराम उठले. त्यांच्या जमिनीत दोन पंखे आहेत, सर्वांत जास्त भाडे त्यांना मिळणार होते. त्यांनी हात वर केला आणि तसेच उभे राहिले. मग मालकांची रांग.

माझे ऑपरेशन लांबत लांबत अखेर झाले, त्याला सहा दिवस झाले होते. दुपारी फोन आला. शहाबाजचा होता. "अम्मी," तो म्हणाला, "सातही."

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की सिस्टर धावत आली. म्हणाली, "आजी, टाके!" मी म्हटले, "तुटू देत, परत भरू."

अट करारात आली. अट सोपी नव्हती. नव्या पंख्यांची प्रचंड जनित्रेही आम्हीच भरायची आणि ती त्रयस्थ प्रयोगशाळेच्या चाचणीत उतरायला हवीत. उम्मेहानीने चांगल्या पगाराची नोकरी सोडून चाचणीचा मंच उभा केला. गेल्या महिन्यात पहिले जनित्र चाचणीला गेले. अहवाल चार पानांचा आहे आणि शेवटी एकच शब्द: उत्तीर्ण.

संस्थेला माझ्या अटी तीन. कारखाना पठाराबाहेर हलवायचा नाही. नव्या शिकाऊंत निम्म्या मुली घ्यायच्या. आणि चहा पाळीपाळीने करायचा, फोरमनसकट सर्वांनी. तिसरी अट पहिल्या दोनांइतकीच गंभीर समजावी.

कलम ७. दफन. पुण्यात, गुलजारच्या शेजारी. कारखान्याला त्या दिवशी सुट्टी देऊ नये. ज्यांना यायचे आहे त्यांनी टेम्पोतून यावे आणि परत जाताना स्वारगेटहून तार घेऊन जावी, फेरी रिकामी जायला नको. कोणी भाषण करू नये. कोंडीरामना बोलावेसे वाटले तर अडवू नये.

कलम ८. व्यवस्थापक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुमय्या आणि वकील सलोनी पटवर्धन यांनी मिळून करावी. मतभेद झाल्यास सुमय्याचे चालेल. वकीलबाईंनी हे वाक्य वाचून सही केली आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला आणि तो मला मान्य आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली. सह्या जरा घाईत झाल्या आहेत, त्याचे कारण असे की खाली गाडीत शहाबाज हॉर्न वाजवतो आहे. आज दुपारी दोन वाजता हिवरमाळला ते जनित्र क्रेनने वर चढवून चालू करायचे आहे, आणि कळ दाबायचा मान सात गावांनी मला दिला आहे. द्वारकाचा आत्ताच फोन आला. ती म्हणाली, "भाभी, निघा लवकर. वारा मस्त सुटलाय."

ठिकाण: कोथरूड, पुणे
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२६, गुरुवार, सकाळी नऊ

(सही) हुस्नबानू गुलजार तांबोळी

साक्षीदार:
१. (सही) दिगंबर वामन केतकर, निवृत्त शिक्षक, राहणार याच सोसायटीत, दुसरा मजला. इतिवृत्तातील ठपका मीच लिहिला होता. तो आज मागे घेतो.
२. (सही) सलोनी पटवर्धन, वकील, पुणे